अलास्का: मोठं जहाज की लहान बोट? आईबाबांना न्यायचंय

निळीशाई, १२ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. आईबाबा मे अखेरीस साताऱ्याहून आमच्याकडे सिअ‍ॅटलला येतायत. बाबा ७१, आई ६६. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, नदीचं पाणी मोजण्यात. दोन वर्षांपूर्वी फोनवर त्यांनी सहज विचारलं होतं, "तुमच्या तिकडे हिमनदी थेट समुद्रात पडते म्हणे, ती लांब आहे का गं?" तेव्हापासून ते माझ्या डोक्यात बसलंय. गोमुखाला जायचं त्यांचं एकदा ठरलं होतं, पण ऐनवेळी गुडघ्याने दगा दिला.

तर जूनमध्ये अलास्का नक्की. आता दोन पर्याय आहेत. एक, सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणारं मोठं जहाज, तीन हजार प्रवासी, सात रात्री. दुसरा, जूनो ते जूनो जाणारी साठ प्रवाशांची लहान बोट, तिच्याही सात रात्रीच. लहान बोटीचं भाडं माणशी जवळपास चौपट आहे. स्वयंपाकघर नवं करायला साठवलेले पैसे आहेत, ते यात घालायची तयारी आहे. पण चौपट पैशात नेमकं जास्तीचं काय मिळतं? बाबांचा गुडघा, आईचं शाकाहारी जेवण आणि बोट लागणं, या तीन काळज्या आहेत. कोणी जाऊन आलं असेल तर मनमोकळं लिहा.

पोळीभाजी, १२ जानेवारी

वाचतेय. आमच्या घरीही याच वादावर दोन तट पडलेत.

रानभूल, १३ जानेवारी

लहान बोटीनेच जा. रात्री सविस्तर लिहितो.

नाना_जर्सीकर, १३ जानेवारी

मी दुसरी बाजू मांडतो. २०१९ मध्ये माझ्या ७८ वर्षांच्या आईला मोठ्या जहाजाने नेलं. तिला चाकाची खुर्ची लागायची. जहाजावर लिफ्ट, डॉक्टर, छोटा दवाखाना, सगळं होतं. तिसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब वाढला, तर दहा मिनिटांत डॉक्टर खोलीत हजर. लहान बोटींवर बहुधा डॉक्टर नसतो, प्रथमोपचार जाणणारे कर्मचारी असतात. जवळचं गाव कित्येक तासांवर असतं. सत्तरीच्या पुढच्या माणसांसाठी हा विचार आधी करायला हवा.

आणि ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानातल्या उपसागरात मोठं जहाजही तासभर हिमनदीसमोर थांबतं, हळूहळू गोल फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसतं. उद्यानाचे रेंजर चढतात आणि ध्वनिवर्धकावरून माहिती सांगतात. आईने खोलीच्या गॅलरीत शाल गुंडाळून मार्जरी हिमनदी पाहिली. ती आता नाही, पण शेवटपर्यंत तिच्या बोलण्यात तो बर्फ यायचा. चौपट पैसे नसतील तर कुणी मन खट्टू करून घेऊ नये, एवढंच सांगणं.

निळीशाई, १३ जानेवारी

नानाकाका, वाचून डोळे भरून आले. डॉक्टरचा मुद्दा लिहून घेतला.

रानभूल, १३ जानेवारी

बोलल्याप्रमाणे.

आधी भूगोल. दक्षिण-पूर्व अलास्का म्हणजे हजाराहून जास्त बेटांचा पट्टा. बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पाण्याच्या वाटेला इनसाइड पॅसेज म्हणतात. बाहेरच्या पॅसिफिकच्या लाटा बेटं अडवतात, म्हणून आतलं पाणी बहुतेक वेळा तलावासारखं असतं. जूनो ही राज्याची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्ता जात नाही. विमानाने जा किंवा पाण्याने. बोट लागायची भीती सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या मोठ्या जहाजावर जास्त, कारण ते वाटेत उघड्या समुद्रावरून जातं. जूनोहून निघणारी बोट सगळा वेळ आडोशातच फिरते. तरी अव्होमीन जवळ ठेवा, सामुद्रधुन्यांमध्ये वारा सुटला की डुलतं.

आता चौपट पैशांचं. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे. त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकन बंदरांमध्येच प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर लागतं. मोठी जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याची, म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरिया नाहीतर व्हँकुव्हरला टेकतात. जूनो ते जूनो फिरणारी लहान बोट अमेरिकेत बांधलेली, अमेरिकन झेंड्याची आणि अमेरिकन कर्मचाऱ्यांची. पगार तिकडचे आणि खर्च वाटायला माणसं साठच. त्या भाड्यात झुंबरं आणि नाटकगृहं येत नाहीत, खोल्या तर एसटीच्या विश्रामगृहासारख्या साध्या असतात.

मिळतो तो वेळ. मोठ्या जहाजाचा रोजचा मुक्काम गावात, तिथे त्याच दिवशी आणखी तीन-चार जहाजं आलेली. जूनोची वस्ती सुमारे ३२ हजार, आणि भर हंगामात तितक्याच्या अर्ध्याने पाहुणे एका दिवसात उतरतात. लहान बोट गावं टाळते. देवमासा दिसला तर कप्तान इंजिन बंद करतो आणि सगळे दोन तास तिथेच. वेळापत्रक बदललं तरी कुणी तक्रार करत नाही.

आम्ही चॅटम सामुद्रधुनीत हंपबॅक देवमाशांची बुडबुड्यांच्या जाळ्याची शिकार पाहिली. एक देवमासा खोल जाऊन गोल फिरत हवा सोडतो. वर पाण्यावर बुडबुड्यांचं कडं उमटतं, भात शिजताना कडेने फेस येतो तसं. हेरिंग माशांचा थवा त्या कड्यात कोंडला जातो आणि आठ-दहा देवमासे तोंड वासून एकदम वर येतात. बोटीवरून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, सोडला होता, त्यात खालून एक लांबलचक हाक ऐकू यायची. ती हाक थांबली की दोन-तीन सेकंदांत पाणी फुटायचं. चौथ्या वेळी आम्हा सगळ्यांना ते कळलं, हाक थांबली की सगळ्या बोटीने श्वास रोखलेला. हे देवमासे हिवाळा हवाईजवळ काढतात आणि तिथे जवळपास काहीच खात नाहीत. वर्षभराची शिदोरी या थंड पाण्यात बांधून घेतात.

कोथरूड_ते_केचिकन, १४ जानेवारी

रानभूल, उत्तम. वाचनखूण साठवली. एकच भर: मार्जरीसमोर कुणालाही हवं तितकं जवळ जाता येत नाही, बोट लहान असो वा मोठी. आणि जून म्हणजे ग्लेशियर बे मधल्या जॉन्स हॉपकिन्स इनलेट या समुद्राच्या फाट्याचा काही भाग १ मे ते ३० जून सगळ्या बोटींना बंद. तिथे तरंगत्या बर्फावर सील पिल्लं घालतात. मोठ्या जहाजांना तर ३१ ऑगस्टपर्यंत बंदी.

भटक्या_७२, १४ जानेवारी

तिसरा पर्याय कुणी सांगतच नाही. अलास्का राज्याची सरकारी फेरी! १९६३ पासून चालू आहे. मी आणि माझा मित्र २०११ मध्ये बेलिंगहॅमहून केचिकनला गेलो, ३८ तास. खोली घेतली नाही. वरच्या डेकवर लोक तंबू ठोकतात, वाऱ्याने उडू नयेत म्हणून चिकटपट्टीने डेकला चिकटवतात. छताखाली खुर्च्या आणि वर उष्णतेचे दिवे. आम्ही तिथेच झोपलो. सोबत कॉलेजला निघालेली मुलं, मासेमार, एक आजोबा आपली शिलाई मशीन घेऊन. गावची एसटीच ती, पाण्यावर चालणारी. पहाटे चहाचा पेला हातात आणि समोर ओर्का देवमाशांचे पाठीवरचे काळे पर पाण्यातून वर आलेले.

निळीशाई, १४ जानेवारी

भटक्यादादा, बाबांना हे वाचून दाखवलं तर ते तंबूच मागतील. आई मात्र मला घरात घेणार नाही.

पोळीभाजी, १४ जानेवारी

शिलाई मशीनवाले आजोबा फार आवडले.

मावशी_मिसिसागा, १५ जानेवारी

निळीशाई, एक महत्त्वाचं. मोठं जहाज व्हिक्टोरियाला थांबणार असेल तर आईबाबांना कॅनडाचा व्हिसा लागेल. उतरायचं नसलं तरी. माझ्या नणदेला याच कारणाने धक्क्यावरून परत पाठवलं. तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने अवाक्षर सांगितलं नव्हतं. सगळे पैसे बुडाले, वर ती बिचारी बॅगा घेऊन रडत बसलेली. शिवाय अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, तेही बघ. जूनो ते जूनो फिरणाऱ्या बोटीला ही भानगडच नाही.

निळीशाई, १५ जानेवारी

मावशी, हे मला खरंच माहीत नव्हतं. शतशः धन्यवाद.

खारफुटी, १६ जानेवारी

मी देवगडचा. मला जरा वेगळं म्हणायचंय.

आपण हे बघायला जावंच का, हा प्रश्न मला पडतो. ग्लेशियर बे मध्ये बार्टलेट कोव्हला एका हंपबॅक मादीचा अख्खा सांगाडा उभा केलाय, साडेपंचेचाळीस फुटी. तिचं नाव स्नो. २००१ मध्ये ती क्रूझ जहाजाच्या धडकेने मेली, तेव्हा गाभण होती. २०२० मध्ये जहाजं थांबली तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांना पाण्याखालचा गोंगाट किती उतरला ते मोजता आलं. आणि लहान बोट म्हणजे आपोआप पर्यावरणाला बरी, असंही समजू नका. साठ माणसांसाठी इंजिनं दिवसभर चालतात, माणशी डिझेल काढलं तर हिशेब उलटाही पडू शकतो.

आमच्याकडे तारकर्लीला काय चालतं ते बघा. डॉल्फिन दिसला की सात-आठ होड्या चारी बाजूंनी त्याच्यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं. मच्छीमार, वनखातं, गावकरी दोन दिवस राबले, तरी वाचलं नाही. तेव्हा माझ्या मोबाईलवर पहिला निरोप आला तो फोटो काढायला कधी जायचं, असा. ते अजून टोचतं.

रानभूल, १६ जानेवारी

खारफुटी, डिझेलचा मुद्दा मान्य. पण नियम काय करू शकतात तेही तिथेच दिसतं. ग्लेशियर बे मध्ये दिवसाला फक्त २ क्रूझ जहाजं आणि ३ लहान पर्यटन बोटी सोडतात. देवमाशांच्या पाण्यात वेगावर मर्यादा असते, प्रसंगी १३ नॉट. अलास्कात कुठेही हंपबॅकपासून १०० यार्ड लांब राहायचं, त्याच्या वाटेत जाऊन उभंही राहायचं नाही. आमच्या कप्तानाने आधी लांब थांबून इंजिन बंद केलं आणि देवमासे आपण होऊन आले. तारकर्लीच्या होडीवाल्यांना हे पटलं तर त्यांचाच धंदा टिकेल.

खारफुटी, १७ जानेवारी

काही होडीवाल्यांना पटतंय. माझा चुलतभाऊ आता इंजिन बंद करून थांबतो. गिऱ्हाईक कुरकुर करतं, तो ऐकत नाही.

हंपबॅकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या अरबी समुद्रातही ते आहेत आणि ते कुठेच जात नाहीत. जगातले बाकी हंपबॅक दरवर्षी हजारो मैल ये-जा करतात, हे मात्र बारमाही इथलेच. मान्सूनच्या वाऱ्यांनी खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं, त्यांना घरबसल्या खायला मिळतं. सुमारे ७०,००० वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे राहिलेत. उरलेत फारच थोडे. ओमानच्या किनाऱ्याला जास्त दिसतात, आपल्या बाजूलाही त्यांचं गाणं नोंदलं गेलंय.

पोळीभाजी, १७ जानेवारी

म्हणजे आपले देवमासे कोकणी माणसासारखे, गाव सोडवत नाही!

नाना_जर्सीकर, १७ जानेवारी

आमच्या गावात तर घरटी एक माणूस मुंबईला. पण हे नवीनच कळलं, आभार.

कोथरूड_ते_केचिकन, १८ जानेवारी

खारफुटीच्या प्रश्नाला माझं अर्धं उत्तर. ग्लेशियर बे ही तिथले मूळ रहिवासी हूना लिंगिट लोकांची जन्मभूमी. सतराशेच्या आसपास हिमनदी पुढे सरकत आली आणि तिने त्यांची गावं गिळली. कुत्रं पळावं त्या वेगाने बर्फ आला, असं त्यांच्या कथांत आहे. १७९४ मध्ये कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरच्या खलाशांना उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर ती चाळीसहून जास्त मैल मागे गेलेली. आज पासष्ट मैल आत जावं लागतं. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं आणि या लोकांना आपल्याच पाण्यावर शिकारीला, अंडी गोळा करायला बंदी झाली. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं. तिथे जाऊन एका आजींच्या तोंडून हे ऐकल्यावर मला वाटलं, आलो ते बरं केलं. निळीशाई, बोट कुठलीही घे, तिथे उतरायला मिळतंय का तेवढं विचार.

निळीशाई, २ फेब्रुवारी

मंडळी, लहान बोट ठरवली. स्वयंपाकघर राहू दे. नवरा आणि लेक घरी थांबतील, मी आणि आईबाबा जाऊ. नानाकाका, तुमच्या सांगण्यावरून बाबांची तपासणी करून घेतोय आणि विमानाने हलवण्याचा विमाही काढतोय.

नाना_जर्सीकर, २ फेब्रुवारी

शाब्बास पोरी. सुखरूप जा.

मावशी_मिसिसागा, ३ फेब्रुवारी

मेतकूट ने बरोबर. भात सगळीकडे मिळतो.

निळीशाई, ९ जुलै

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

आधी काळज्यांबद्दल. बोट एकदाच लागली, आईला, आयसी सामुद्रधुनीत, एका गोळीत भागलं. जेवणाचं आधी कळवलं होतं, स्वयंपाकीणबाई रोज विचारायच्या. चौथ्या दिवशी आईने त्यांना भातावर मेतकूट आणि लोणी घालून दिलं, तर पुडीच मागून घेतली. मावशी, तुम्हाला माझा नमस्कार. गुडघा मात्र अडला. कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, बाबांना जमली नाही. जंगलातल्या दोन चढणींना ते बोटीवरच थांबले, एकदा बराच वेळ गप्प होते. रबरी बोटीत चढता-उतरताना दोन पोरं दोन्ही बाजूंनी हात द्यायची. ज्यांचे पाय अजिबात चालत नाहीत त्यांच्यासाठी नानाकाकांचाच सल्ला योग्य.

ग्लेशियर बे मध्ये दोन दिवस होतो. साउथ मार्बल बेटावर समुद्रसिंहांचा कल्ला आणि वास दोन्ही अर्ध्या मैलावरून आले. पफिन पक्षी पाहिले. समुद्री पाणमांजरं तर शेकड्याने. एक मादी उताणी तरंगत होती, पोटावर पिल्लू, आणि ती त्याची लव पंजांनी फुगवत बसलेली. आई दुर्बिणीतून अर्धा तास तेच बघत होती. मग म्हणाली, "बाळंतीण आहे, दमलीय." गाईडने सांगितलं की कातड्यांच्या व्यापारात ही जमात इथून पार संपली होती, १९६० च्या दशकात पश्चिमेकडून सुमारे ४०० आणून सोडली, त्यांची ही प्रजा. आईला इंग्रजी फारसं येत नाही. मी भाषांतर केल्यावर तिने गाईडचा हात धरून थोपटला.

बार्टलेट कोव्हला उतरायला मिळालं. स्नोचा सांगाडा पाहिला. खारफुटी, तुमची आठवण काढली.

आता बाबा. शेवटून दुसऱ्या दिवशी ट्रेसी आर्ममध्ये गेलो, जूनोच्या दक्षिणेला. दोन्ही बाजूंना उभे कडे, सह्याद्रीत पावसाळ्यात दिसतात तसे धबधबे. बाबांचं लक्ष पाण्याकडे. हिरवट स्वच्छ पाणी एकदम दुधी झालं, मध्ये आखल्यासारखी रेघ. ते गाईडला म्हणाले, "गाळ." मग दोघांचं हातवाऱ्यांनी सुरू झालं. हिमनदी खालचा खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात उतरतं, त्याने हा रंग येतो. बाबांनी खिशातून डायरी काढून वेळ आणि रंग लिहिला. चाळीस वर्षं नदीकाठी उभं राहून हेच लिहिलंय त्यांनी.

साउथ सॉयर हिमनदीपासून लांबच रबरी बोट थांबवली. इंजिन बंद. बर्फ इतका निळा की मला आधी कुणी रंगवलाय वाटलं. दाट बर्फ तांबडा प्रकाश पिऊन टाकतो म्हणून निळा उरतो, म्हणे. मग चहूकडून तडतड ऐकू यायला लागली, कढईत मोहरी तडतडते तशी. गाईडने पाण्यातून नारळाएवढा बर्फाचा तुकडा उचलला आणि बाबांच्या कानाशी धरला. शेकडो वर्षं दाबून राहिलेल्या हवेचे बुडबुडे फुटत होते. बाबांनी टोपी काढून तो तुकडा दोन्ही हातांत घेतला, हात लाल झाले तरी सोडेनात. तेवढ्यात समोर भिंतीतून एक कडा निसटला. आवाज नाही. बर्फ पाण्यात पोचला, पाणी उडालं, आणि मग तोफेसारखा दणका आला. बाबा म्हणाले, "तीन सेकंद. म्हणजे एक किलोमीटर." पुढच्या दणक्याला आईनेही मोजलं.

चौपट पैसे कशाचे, ते मला त्या बोटीत कळलं. आम्ही तिथे पाऊण तास बसलो होतो. कुणी "चला" म्हणालं नाही.

रानभूल, ९ जुलै

"बाळंतीण आहे, दमलीय." बस. काकूंना साष्टांग.

पोळीभाजी, १० जुलै

दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा सासूबाईंना मोठ्याने. आमच्या घरचा वाद मिटला.

भटक्या_७२, १० जुलै

बाबांच्या डायरीचं ते पान इथे टाका ना, जमलं तर.

कोथरूड_ते_केचिकन, १४ ऑक्टोबर

निळीशाई, बातमी वाचली असशीलच. १० ऑगस्टला पहाटे साडेपाचच्या सुमारास ट्रेसी आर्ममध्ये साउथ सॉयर हिमनदीपाशी प्रचंड दरड कोसळली. पाणी समोरच्या कड्यावर साडेचारशे मीटरच्या वर चढलं. त्या फ्योर्डच्या, म्हणजे कड्यांमधल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, तोंडाशी तंबू टाकलेल्या कयाकवाल्यांचं सामान लाटेने नेलं. वेळ पहाटेची म्हणून जीवितहानी झाली नाही. १९५८ मध्ये लिटुया उपसागरात पाणी ५२४ मीटर चढलं होतं, त्याच जातीचा प्रकार. हिमनदी मागे सरकली की कड्याला टेकलेला बर्फाचा आधारच जातो. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी आपली बोट कुठल्या फ्योर्डमध्ये नेणार ते आधी विचारून घ्या. शेजारच्या एंडिकॉट आर्ममध्ये डॉज हिमनदी आहे.

निळीशाई, १५ ऑक्टोबर

वाचली होती. इथे लिहायचा धीर होत नव्हता. आम्ही बसलो होतो ती जागा फोटोत ओळखू येत नाही, दरडीच्या बाजूचा कडा खालपर्यंत सोलून निघालाय. बाबांना साताऱ्याला फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडे आधीची नोंद आहे." भटक्यादादा, तुम्ही मागितलं होतं ते पान त्यांनी आज फोटो काढून पाठवलंय. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वारा, आणि खाली: "बर्फ पडणे ते आवाज, ३ सेकंद. सौ. ने ४ मोजले."

मावशी_मिसिसागा, १५ ऑक्टोबर

ती वही जपून ठेवायला सांग गं त्यांना.